कावडीच्या चालीने: गोखिवऱ्यापासून गासपर्यंत तीन सकाळी

या ब्लॉगवर तुम्ही माझ्याबरोबर हंपीला आलात, स्पितीला आलात, कच्छच्या रणात माझी चप्पल तुटली तेव्हाही सोबत होतात. यावेळचा प्रवास मात्र माझ्या सोसायटीच्या गेटपासून सुरू होतो आणि फार तर दोन रिक्षांच्या अंतरावर संपतो. तिकीट नाही, हॉटेल नाही, बॅग नाही. आहे तो फक्त घाम. पण सांगते, इतक्या प्रवासांत एवढी धास्ती मला एकाही प्रवासाची वाटली नव्हती.

याला जबाबदार आमची ताई. शैलाताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, छप्पन्नची, आणि गेली तीन वर्षं धावते. दिवाळीत तिने मला भरीला घालून धावायचे बूट घ्यायला लावले. मी दोनदा घातले, दोन्ही वेळा वीस-तीस पावलांत तोंडाला फेस आला आणि बूट खोक्यात परत गेले. जानेवारीत जोडून तीन सुट्ट्या आल्या, तसा तिचा फोन आला.

"नीलू, राहायला येतेय. तीन सकाळी, तीन रस्ते. तिसऱ्या दिवसापर्यंत एक मिनिटसुद्धा मजा आली नाही, तर ते बूट मला द्यायचे. आपल्या पायाचा नंबर एकच आहे."

"आणि आली तर?"

"तर दर रविवारी माझ्याबरोबर धावायचं. पण खरं सांगायचं हं. माझं मन राखायला हो म्हणालीस तर खबरदार."

आता खरं काय ते सांगून टाकते. आई ताईकडे असायची, त्यामुळे रविवारी मी तिकडे जायचे. दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतरही काही रविवार मी गेले. आम्ही दोघी टीव्ही लावून बसायचो, चहा व्हायचा, तासाभरात मी उठायचे. भांडण नाही, काही नाही. भेटायला कारणच उरलं नव्हतं, इतकंच. मला ते रविवार परत हवे होते. आणि धावणं मला मनापासून आवडत नव्हतं. खोटं बोलायची सोय ताईने आधीच बंद करून टाकली होती.

पहिली सकाळ आमच्या गोखिवऱ्यातच, म्हणजे वसई पूर्वेला. साडेसहाला निघालो. नवख्यांना सांगते, इथे धावायचं तर लवकर निघा. कारखान्यांचे गाळे उघडले की टेम्पो रस्त्यात आडवे लागतात आणि मग आपण धावत नाही, नुसते वळसे घालतो. त्या वेळेला मात्र छान असतं. बंद शटरांसमोर कामगार दात घासत उभे असतात, कुठेतरी रेडिओ चालू असतो, आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर नुकता दिसायला लागलेला असतो. अर्थात हे सगळं मी दुसऱ्या फेरीत, चालताना पाहिलं. पहिल्या फेरीत मला काही दिसलं नाही, कारण ताई "चल" म्हणाली आणि मी सुटलेच. पंचवीस वर्षं नोकरीला जाताना मी एकाच कारणासाठी धावलेय: गाडी सुटायच्या आत फलाट गाठायला. दुसऱ्या कुठल्या वेगाने धावतात हे माझ्या पायांना ठाऊकच नाही. मिनिटभरात एका गाळ्याच्या पायरीवर बसले. एक कामगार तोंडातला ब्रश न काढता मला प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला.

"मजा?" ताईने विचारलं.

"डोंबलाची," मी म्हणाले.

नाक्यावर चहा आणि खारी खाल्ली. ताई तशी पुष्कळ बोलली, पण श्वास कसा घ्यायचा आणि टाच कशी टेकवायची याबद्दलच. लहानपणी शाळेत जाताना ती अशीच पुढे चालायची आणि मागे वळून सूचना द्यायची. थांबायची मात्र कधीच नाही.

दुसरी सकाळ उमेळ्याची. आमच्याकडून शेअर रिक्षाने स्टेशन, पूल ओलांडून पश्चिमेला आणि तिथून दुसरी रिक्षा. पाणी घरून न्या, सकाळी दुकानं बंद असतात. उमेळ्यात एका बाजूला नवी बिल्डिंग आणि तिला चिकटून केळीची वाडी, असा रस्ता आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा वाडी असेलच असं नाही, म्हणून लवकर या. ठरलं असं, की गावातल्या विहिरीपाशी भेटायचं. ताई दोन वळणांत दिसेनाशी झाली. मी ठरवून हळू निघाले, तरी पाचव्या मिनिटाला जीव कासावीस झाला.

तेवढ्यात मागून एक स्कूटर आली आणि करकचून थांबली. चाळिशीतली बाई, पुढे पावांची पिशवी.

"काय झालं गं? कोन आजारी हाय?"

या गावात पन्नाशीला आलेली बाई सकाळी धावते म्हणजे घरात काहीतरी घडलंय, हे उघडच होतं. मी "नाही, नाही" म्हणायला तोंड उघडलं, पण श्वासच पुरेना. माझा तो चेहरा पाहून तिची खात्रीच पटली.

"बोलू नको. बस, सोडते."

आणि मी बसले! खरं सांगते, बसताना लाजसुद्धा वाटली नाही. मी जेमतेम 'विहीर' एवढंच म्हणाले, आणि तिने मधल्या बोळातून मला तिथे सोडलं, "सगलं बरं होल," म्हणून खांद्यावर थोपटलं आणि एक गरम पाव हातात कोंबून गेली. तीन मिनिटांनी ताई घामाने निथळत आली. मी पाव खात होते.

"तू... माझ्या आधी?" ताईच्या चेहऱ्यावर असं कौतुक मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते मला जेमतेम दहा सेकंद लाभलं, कारण समोरच्या वाडीच्या फाटकाशी मेथीच्या जुड्या बांधत बसलेले एक म्हातारे बाबा खदाखदा हसायला लागले.

"गाडीवरनं आली ती," त्यांनी सांगून टाकलं.

ताई भडकली. मीही भडकले. तू पुढे पळतेस, तू प्रयत्नच करत नाहीस, असं रस्त्यात उभं राहून दोघींनी एकमेकींना सुनावलं. बाबांनी शांतपणे जुडी बाजूला ठेवली.

"तुमी धावायला आल्या का भांडायला? बसा. पानी प्या आदी."

बसलो. पाणी प्यायलो. बाबा ऐंशीच्या पुढचे, पण पिंढऱ्या अजून दगडासारख्या. तरुणपणी रोज पहाटे कावडीने भाजी स्टेशनवर न्यायचे. खांद्यावर बांबू, दोन्ही टोकांना टोपल्या, आणि एकामागे एक सात-आठ जण, सगळे धावत.

"ओझं घेऊन धावत?" मी विचारलं.

"चालला तर खांदा मोडतो, पलाला तर टोपली झुलते आनि मेथी रस्त्यावर. मधली चाल धरायची. पावलं बारकी. आनि बोलत जायचं."

"बोलत कशाला?"

"बोलता येतंय तवर चाल बरोबर. एक जन गप झाला का समजायचं, त्याला जड झालं. मग पुढच्यानं मागं बघायचं नाय, विचारायचं नाय. सगल्यांनी पाऊल कमी करायचं. तो परत बोलला का चाल परत तीच."

ताईने पाण्याचा गडू रिकामा करून बाबांना परत दिला. निघताना आम्ही बाबांकडून सुकेळी घेतली. उन्हात वाळवलेली ही इथली केळी धावल्यावर खायला एकदम उत्तम. न धावता खाल्ली तरी उत्तमच, मी दोन्ही करून पाहिलंय.

तिसरी सकाळ गासची. वसई पश्चिमेकडून गासकडे जाणारा रस्ता सरळसोट, दोन्हीकडे पाणथळ शेतं, बगळे, आणि जानेवारीत धुकं. चालणारे, धावणारे बरेच असतात, त्यामुळे इथे तुम्हाला कोणी गाडीवर बसवून नेणार नाही, ही माझ्या दृष्टीने एक गैरसोयच. ताई म्हणाली, समोर रस्त्याखालून पाणी जातं त्या मोरीपर्यंत जाऊ आणि थांबू.

यावेळी ती पुढे गेली नाही. बाजूला राहिली. "बोल," म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. कच्छमध्ये चप्पल तुटली ते सांग."

"ते तू वाचलंयस की!"

"मी तुझा ब्लॉग वाचत नाही, फोटो बघते. सांग."

घ्या! चिडून सांगायला लागले. बारकी पावलं, बारकी वाक्यं. चप्पल, मग तो उंटवाला, मग शेजारच्या काकूंचं लोणचं, मग आईने एकदा लोणच्याची बरणी म्हणून ताईच्या नवऱ्याला तुपाची बरणी दिली होती आणि त्याने बिचाऱ्याने महिनाभर तक्रार केली नव्हती, ते. ताई हसत होती. मी सांगत होते, की आई शेवटपर्यंत म्हणायची, जावई गुणाचा, पण चव नाही त्याला.

आणि मग मला जाणवलं, की एकटीच मी बोलतेय.

ताई गप्प झाली होती. पाय चालू होते, मान सरळ, पण गप्प. जन्मभर माझ्या दहा पावलं पुढे असलेली माझी ताई. मी तिच्याकडे बघितलं नाही. विचारलं नाही. पाऊल कमी केलं. अजून थोडं कमी केलं. आमच्या चालीने एखादी म्हैसही पुढे गेली असती. धुक्यात आमच्या बुटांचा आवाज तेवढा येत होता, आणि मधूनच ताईने नाक ओढल्याचा.

किती वेळ गेला देव जाणे. मग ती म्हणाली, "आत्ता आईने आपल्याला बघितलं असतं ना, तर म्हणाली असती, कुत्रं मागे लागलंय का गं?"

"आणि चपला कुठे टाकून आलात, असं विचारलं असतं."

दोघी इतक्या हसलो, की एक बगळा उडाला. चाल परत पहिल्यासारखी झाली. बोलता बोलता गासची घरं दिसायला लागली, तेव्हा मी विचारलं, "मोरी कधी येणार?"

"मोरी केव्हाच गेली," ताई म्हणाली.

गासला चहा घेतला, शहाळं प्यायलो, आणि परत येताना सरळ रिक्षा केली. उगाच फुशारकी नको. माझे गुडघे कुरकुरत होते आणि उजव्या पायाला फोड आला होता. मोजे जाड घ्या, ही चूक माझ्याकडून फुकट शिकून घ्या. रिक्षात ताईने विचारलं, "खरं सांग. मजा आली?"

"आली," मी म्हणाले. आणि ते खरं होतं. एक मिनिट नाही, चांगली मोरीपासून गासपर्यंत.

दुपारी ताई जेवून जरा आडवी झाली. दारात दोघींचे बूट चिखलाने बरबटलेले पडले होते. धुवावेत म्हणून उचलले. माझे झाले, तिचा एक पालथा केला, तर तळव्यावर नंबर दिसला. सात. माझा पाच. डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून चष्मा लावून पुन्हा पाहिला.

'नंबर एकच' म्हणणाऱ्या ताईच्या पायात माझे बूट कधी गेलेच नसते.

दोन्ही जोड धुऊन गॅलरीत शेजारी शेजारी उन्हात ठेवले. संध्याकाळी निघताना ताई दारात वाकून नाडी बांधत म्हणाली, "मग रविवारी?"

"साडेसहाला," मी म्हणाले. "सुकेळी मी आणते."