अक्कांचं अकरावं मिनिट

कुंभकोणममधल्या सर्वांत चांगल्या परीक्षक बाईंना मी परीक्षकाच्याच परीक्षेत नापास केलं. मुलांच्या इंग्रजी बोलण्याला मोबाइलवरच्या ॲपमधून गुण कसे द्यायचे, हे शिक्षकांना शिकवायला मी पुण्याहून तिकडे गेलो होतो. पहिल्याच दिवशी माझं इंग्रजी ऐकून रिक्षावाल्याने मला थेट दवाखान्यात नेऊन सोडलं होतं, पण ते असो.

या इंग्रजीच्या बाईंना सगळं गाव अक्का म्हणतं. जगात गप्प माणूस असतो, यावर अक्कांचा विश्वासच नाही. पापनाशमच्या बसचा घुमा कंडक्टर दोन थांब्यांत त्यांना सासऱ्याचं दुखणं सांगून मोकळा झाला आणि तिकीट फाडायचं विसरला. कॉफी समोर ठेवल्याशिवाय त्या पाहुण्याला काही विचारत नाहीत, आणि कॉफी संपेपर्यंत पाहुण्याला काही लपवता येत नाही. माझं लग्न का मोडलं हे आईला अजून ठाऊक नाही. अक्कांना पहिल्याच भेटीत कळलं. त्यांचं घराणं तंजावरच्या मराठी दरबारामागून इकडे आलेलं, त्यामुळे मराठी माझ्या खापरपणजोबांना शोभावी अशी, सूर मात्र पक्का तमिळ. दर मुलाला दोनच मिनिटं, हा ॲपचा नियम मी सांगताच भर प्रशिक्षणात त्यांनी विचारलं, “दोन मिनिटांत लेकरूं काय बोलेल, सर? लेकरूं म्हणजे नळ काय, सोडिला कीं पाणी आलें?” मी पुढची स्लाइड लावली.

परीक्षकाच्या प्रमाणपत्रासाठी प्रत्येकाने एका विद्यार्थ्याचं ध्वनिमुद्रण पाठवायचं होतं. अक्कांनी चौदा मिनिटांचं पाठवलं. नियमाप्रमाणे मी दोन मिनिटं ऐकलं. अक्का गाईची चौकशी करताहेत, मुलगी गप्प. ‘विद्यार्थिनीला बोलतं करता येत नाही’ असा शेरा मारून मी डोसा खायला बसलो. फाईल बंद करायची राहिली. अकराव्या मिनिटाला ती मुलगी माझ्या कानात बोलायला लागली. आडवं आलेलं वासरू कसं ओढून काढलं ते चुकतमाकत, पण न थांबता, इंग्रजीत. डोसा गार झाला.

अक्का त्या मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. प्रमाणपत्र मिळालं नाही, तर शेवटच्या वर्षी त्यांच्याच वर्गाची तोंडी परीक्षा कुणी परका घेणार होता. निकाल बदलायचा तर माझ्यासमोर नवा नमुना हवा. मी शाळेत गेलो आणि शहाणपणा करून त्या मुलीला आधी मीच प्रश्न विचारला. दोन मिनिटं ती फळ्याकडे बघत राहिली. मग अक्का तिच्याशेजारी बाकावर बसल्या, माझा फोन त्यांनी पालथा घातला आणि वासराचं नाव विचारलं. मुलगी बोलू लागली ती मधली सुट्टी झाली तरी थांबेना. मी अक्कांना उत्तीर्ण केलं. मला लहानपणी कुणी असं बाकावर येऊन विचारलं असतं, तर आज रिक्षातून नीट जागी उतरलो असतो, असं उगीच वाटून गेलं.

तरी राहवेना. म्हटलं, “अक्का, माझ्याशी का बोलली नाही, विचारा ना.”

अक्कांनी तमिळमध्ये विचारलं. मुलीने जराही न लाजता उत्तर दिलं.

“काय म्हणते?”

“म्हणते, यांस ऐकावयाचें नाहीं, यांस आटपावयाचें आहे.”