जरा जास्तीचं ऑइल

आमचे हे, म्हणजे नागेश, न्युरेम्बर्गला मेकॅनिकल इंजिनिअर आहेत; पण सगळा जीव स्की-क्लबच्या जुन्या टू-स्ट्रोक स्नोमोबाइलमध्ये. यंदा ती बया ऑइल ढोसायला लागली. दोन दिवसांत टाकी रिकामी आणि मागे धुराचे लोट.

अख्खा शनिवार यांनी गळती शोधली, सीलं तपासली, एक्सेल शीटसुद्धा केली. शेवटी डोकं वर काढून जर्मनमध्ये ओरडले, "गेनाऊ!" म्हणजे बरोब्बर! "ऑइल पंपाची केबल जास्त ताणलीय, म्हणून पंप नको तेवढं ऑइल सोडतोय. कुठल्या गाढवाचं काम हे?"

क्लबचे सेक्रेटरी श्टाइनरसाहेब प्रत्येक स्क्रूची नोंद ठेवतात. त्यांनी वही उघडून यांच्यापुढे धरली. मार्चमधल्या केबलच्या नोंदीखाली सही यांचीच होती.

"अगं, जरा जास्त असलेलं बरं, इंजिन टिकतं," हे माझ्याकडे बघून पुटपुटले. सांगलीत स्कूटरच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालतानाही पंपवाल्याला म्हणायचे, "अजून जरा टाका हो."

आणि माझ्या आमटीवर थोडा तवंग दिसला, की हाच माणूस मला कोलेस्टेरॉलवर व्याख्यान देतो!