दाब काढल्यावर हिऱ्याचं काय होतं?

त्या काळी बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारायचं आणि मुलीने मान खाली घालून उत्तर द्यायचं, अशी रीत होती. मी बी.एस्सी. झालेले, तळेगावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि मला मान खाली घालायचा मनापासून कंटाळा. तीन स्थळं आली नि गेली. आई म्हणायची, "तुझ्या तोंडाला कुलूपच घालायला हवं."

चौथा मुलगा चिंचवडच्या एका कारखान्यात होता. वडिलांनी काम विचारलं, तर म्हणाला, "लेथ मशीनवर लोखंड कापायच्या हत्यारांना हिऱ्याने धार लावतो." मावशीने चटकन त्याची बोटं न्याहाळली. अंगठी नव्हतीच. तो हसला. "दागिन्यातला नव्हे हो, यंत्रात केलेला. पेन्सिलीत असतो तोच कार्बन. भयंकर तापवून प्रचंड दाबला की अणू जागा बदलतात. आधी पापुद्र्यांसारखे थर असतात, मग प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना घट्ट धरतो. झाला हिरा!"

मला राहवेना. "मग दाब काढल्यावर तो परत पेन्सिलीतल्यासारखा का होत नाही?"

आईने डोळे वटारले. मुलगा विचारात पडला. म्हणाला, "माहीत नाही. विचारून सांगतो."

"माहीत नाही" म्हणणारा पुरुष मी पहिल्यांदाच बघत होते. तिथेच मला तो आवडला. पण त्याच्याबरोबर आलेले त्याचे चाकणचे काका उठता उठता म्हणाले, "पोरगी लई शानी हाय. आपल्याला न्हाई झेपायची."

आठ दिवस निरोप नाही. मी वरवर हसत होते, आतून स्वतःवर भयंकर चिडले होते. मनासारखं स्थळ माझ्याच जिभेने घालवलं म्हणून चोरून रडलेसुद्धा.

रविवारी मुलगा एकटाच दारात उभा. असं कुणी येत नसे. वडिलांना म्हणाला, "आमच्या इंजिनिअरसाहेबांना विचारलं. परत बदलायचं तर अणूंची ती पकड सुटायला हवी. साध्या उष्णतेत तेवढं बळ त्यांच्यात नसतं. म्हणून हिरा हिराच राहतो."

"आणि तुमच्या काकांचं काय?" वडिलांनी विचारलं.

"ते म्हणतात, असले प्रश्न विचारणारी मुलगी नको. मी म्हटलं, सहा वर्षं मी रोज हिऱ्यावर काम करतोय, मला हा प्रश्न एकदाही पडला नाही. मला हीच मुलगी हवी."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि आईदेखत त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसले.