दोन नावांमधली मोकळी जागा

दिवाळी झाली की आमचं गाव निम्मं रिकामं होतं. युसूफ वडगावच्या बाजाराला जाणाऱ्या जीपमध्ये खिडकीजवळची जागा मिळते, एवढाच काय तो फायदा. ऊसतोडीला गेलेल्यांच्या दारांना कुलपं, आणि मागं राहिलेली म्हातारी माणसं ओट्यावर. मीही मागं राहिलेलाच, फक्त लॅपटॉप घेऊन. पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतो. आईवडील गेले, लग्न राहूनच गेलं. कित्येक दिवस असे जातात की माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.

शेजारच्या चुलतीचा मुलगा आणि सून कर्नाटकात उसाच्या फडावर होते. तिच्याकडे फोन नाही, म्हणून ती रोज संध्याकाळी माझ्या फोनवर मुलासाठी निरोप बोलायची. तिचं बघून आणखी दहा-बारा जण यायला लागले. एकटेपणाला कंटाळलेल्या माणसानं खूश व्हायला हवं होतं, पण मी वैतागलो. मी आहेच तसा. शेवटी गावच्या वाचनालयात एक जुना फोन ठेवला. तिथल्या बाई निरोप रेकॉर्ड करायच्या आणि वाचनालयाच्या संगणकात टाकायच्या. पुढचं काम माझ्या स्क्रिप्टचं, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या हुकुमांचं. त्यात एक लूप होता: यादीतलं एकेक नाव घे, त्या नावाचा निरोप शोध, त्यांच्या मोबाइलवर पाठव, पुढच्याकडे जा. माणसांचं काम यंत्राला लावून मी मोकळा झालो.

तोडणीला माणसं मोजत नाहीत, जोड्या मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणून बाईंनी प्रत्येक निरोपाला जोडीचं नाव दिलं: आधी त्याचं, मग तिचं, मध्ये मोकळी जागा. स्क्रिप्ट आधी माझ्या लॅपटॉपवर चालवून बघितली, सगळं बिनबोभाट चाललं. वाचनालयाच्या संगणकावर मी फक्त एक चाचणी घेतली, स्वतःच्या एकट्या नावानं. माझाच निरोप मला आला. मी खूश होऊन कंपनीच्या कामाला तीन आठवडे पुण्याला गेलो.

परत आलो तर चुलतीच्या डोळ्यावर काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दवाखान्यात सोबत गेली होती गावातली आरोग्य कार्यकर्ती, आशाताई; सहीही तिनंच केली. मी विचारलं, मुलगा नाही आला? चुलती उठून आत गेली. बाईंकडून कळलं, की "दोन दिवसांसाठी ये, मला भ्या वाटतंय" असं तिनं सलग आठ दिवस बोलून ठेवलं होतं. ऑपरेशनच्या सकाळी ती मुलाची वाट बघत जीपच्या थांब्यावर निघायची वेळ होईपर्यंत थांबली. त्यानंतर ती वाचनालयात फिरकलीच नाही.

मी संगणक उघडला. पाठवलेल्या निरोपांत एकच नोंद होती, माझ्या चाचणीची.

चूक बावळटासारखी होती. संगणक ज्याच्यामार्फत आपले लेखी हुकूम पाळतो त्याला शेल म्हणतात, आणि सगळ्या संगणकांवर तो एकसारखा नसतो. माझ्या लॅपटॉपचा शेल "त्याचं नाव, मोकळी जागा, तिचं नाव" हे एकच नाव धरायचा. वाचनालयातला साधा, जुना शेल मोकळी जागा दिसली की तिथं नाव तोडायचा. त्यानं नवऱ्याच्या नावाचा निरोप शोधला, नाही मिळाला. बायकोच्या नावाचा शोधला, तोही नाही. अशी प्रत्येक जोडी फोडत लूप रोज शेवटपर्यंत गेला. शेलनं तक्रारही केली असणार, पण कटकट नको म्हणून मी त्याच्या तक्रारी आधीच बंद करून ठेवल्या होत्या.

नावाभोवती दुहेरी अवतरणचिन्हं घातली की कुठलाही शेल ते नाव तोडत नाही. हे मी कंपनीतल्या नव्या पोरांना शिकवतो. दुरुस्तीला एक मिनिट लागलं. चुलतीकडे जायला मला दोन दिवस लागले.

ती ओट्यावर तूर निवडत होती. मी शेजारी बसलो आणि सांगून टाकलं: काकू, तुझे निरोप गेलेच नाहीत, चूक माझी आहे. शेलबिल काही सांगितलं नाही. एकही निरोप त्याच्यापर्यंत पोचला नाही, एवढंच सांगितलं. तिनं चष्मा काढला, डॉक्टरनं काढू नको म्हटलं असूनही.

"म्हंजी त्यानं ऐकलंच न्हाई व्हय?"

"नाही ऐकलं."

"आठ दिसाचं एकबी न्हाई?"

"एकही नाही."

मग तिनं पदरानं बरा असलेला डोळा पुसला आणि म्हणाली, "लई बरं झालं बाबा. मला वाटलं, ऐकूनबी आला न्हाई."

मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो. तिनं मला चहा केला.