मुखपृष्ठावरची दुआ

एकबोट्या हे नाव त्याला बाजाराने दिलं होतं. देवाने दहा बोटं दिलेली असताना हा टाइप करायचा एकाच बोटाने, आणि तरी कोर्टासमोरच्या सगळ्या टायपिस्टांआधी त्याचं काम हातावेगळं व्हायचं. अरबी मजकुराचं तर त्याच्यावाचून पान हलत नसे. अरबी लिहायची उजवीकडून डावीकडे, हे इतरांच्या कॉम्प्युटरना काही केल्या पटत नसे. ते शब्दांचा क्रम उलटा लावत, जोडलेली अक्षरं सुटी करून मांडत आणि अक्षरांच्या वरखालच्या खुणा खुशाल गाळत. एकबोट्याकडे मात्र बिस्मिल्ला जशीच्या तशी उमटे. म्हणून लग्नपत्रिका असो की कबरीचा दगड, मजकूर त्याच्याकडेच येई.

त्याचं कसब बोटात नव्हतं, आळसात होतं. पैगंबरांच्या नावापुढे सलाम लिहावा लागतो, दिवंगत थोरांच्या नावापुढे 'रहमतुल्लाह अलैह', म्हणजे त्यांच्यावर अल्लाहची कृपा असो. हे दर वेळी कोण टाइप करणार? त्याने कॉम्प्युटरला शिकवून ठेवलं होतं: अमुक नाव आलं की तमुक दुआ त्याच्यापुढे आपोआप येऊ दे.

"अहो, दुआ मशीन करतं, मग त्याचं पुण्य, सवाब, कोणाला?" बायको विचारायची. "वीज कंपनीला?"

अशात त्याचे लहानपणीचे उस्ताद दुकानात आले. अलिफ-बे त्यांनीच त्याला शिकवलं होतं, अर्धं तोंडाने आणि अर्धं छडीने. दुआ हाताने लिहावी आणि लिहिताना ओठ हलावेत, हा त्यांचा नियम. पण आता मोतीबिंदूने हात टेकायला लावले होते. आपल्या आजोबांचं चरित्र त्यांनी बारा वर्षं खपून लिहिलं होतं. आजोबा मोठे विद्वान. त्यांचंच नाव नातवाला, म्हणजे उस्तादांना, ठेवलेलं.

"एकही दुआ गळता कामा नये," उस्तादांनी बजावलं. "तुझ्यावर माझा विश्वास नाही, पण दुसरा कोणी नाही."

एकबोट्या हुरळून गेला. चाळीस वर्षांत उस्तादांच्या तोंडून एकदाही 'शाबास' ऐकलं नव्हतं. या पुस्तकाने ते मिळवायचंच, असं त्याने मनाशी ठरवलं. आजोबांच्या नावापुढे 'रहमतुल्लाह अलैह' आपोआप येईल अशी सोय केली आणि अडीचशे पानं डोळ्यांत तेल घालून तीनदा तपासली. मुखपृष्ठ राहिलं शेवटी. लेखक म्हणून उस्तादांचं नाव टाकलं, छपाईवाला दारात घाई करत होता, आणि मुखपृष्ठ कधी कोणी तपासतं का?

शुक्रवारी नमाजानंतर प्रती वाटल्या गेल्या. संध्याकाळच्या आत बातमी गल्लोगल्ली पोचली की उस्ताद गेले. मुखपृष्ठावर लेखकाच्या नावापुढे गेलेल्यांची दुआ छापली होती! छापलेलं खोटं कसं असेल?

एकबोट्या कपाळावर हात मारून छापखान्यात धावला. 'लेखक हयात आहेत' अशा पाचशे चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि मेलेल्या चेहऱ्याने उस्तादांच्या घरी पोचला. दारात चपलांचा ढीग. आत मंडळी दाटीवाटीने बसलेली आणि मधोमध उस्ताद, हातात चहाचा कप. सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाला दार म्हणे त्यांनी स्वतःच उघडलं होतं. एक म्हातारा तर त्यांनाच मिठी मारून त्यांच्यासाठी रडला.

एकबोट्याने त्यांचे पाय धरले. "माफ करा, उस्तादजी. मशीनने..."

"मशीन कशाला मधे आणतोस? ओठ हलले असते तर नाव कुणाचं आहे हे कळलं असतं." मग त्यांनी कप खाली ठेवला. "चूक नाही म्हणत मी. घाई झाली, एवढंच."

सगळे हसले. एकबोट्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याने चिठ्ठ्या आणि डिंकाची बाटली बाहेर काढली.

"आत्ताच चिकटवतो. घरोघरी जाऊन."

"थांब." उस्तादांनी त्याचं मनगट धरलं आणि आवाज खाली आणला. "माझा भाऊ मागच्याच गल्लीत राहतो. आजोबांच्या घरावरून अकरा वर्षं आमच्यात शब्द नाही. प्रत त्यालाही गेलीय."

तेव्हा एकबोट्याला उमगलं की दार स्वतः उघडायची हौस उस्तादांना कशापायी होती. तो गुपचूप बाजूला बसला. कडी वाजली की उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठत. दूधवाला आला. जुने विद्यार्थी आले. शेजारीण आली, त्यांना पाहून किंचाळली आणि मग रागावून घरी गेली. दिवे लागले, मंडळी पांगली, चपलांचे दोनच जोड उरले. एकबोट्याची शाबासकीची हाव केव्हाच विरून गेली होती. कडी आणखी एकदा वाजावी, एवढंच त्याला हवं होतं.

ती वाजली नाही.

"आण त्या चिठ्ठ्या," शेवटी उस्ताद म्हणाले. त्यांनी एक चिठ्ठी चाचपून घेतली, मागे डिंक लावला आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "पहिली त्याच्या घरी लाव. आणि सांग, अजून वेळ आहे."