रुखवतातलं हरिकेन

दिगंबर निजसुरे यांच्याकडे लढाऊ विमानं रग्गड होती, पण उडणं सोडाच, टेबलावर उभं राहील असंही एक नव्हतं. सगळी डब्यात. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटात कपाटावर, पलंगाखाली, एवढंच काय, बायको वसुधाबाईंच्या पैठण्यांच्या कप्प्यातसुद्धा दुसरं महायुद्ध सुट्या भागांत पडून होतं. माणूस पाटबंधारे खात्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेला. हौस एकच, ही प्लास्टिकची बोटभर विमानं तंतोतंत जोडायची. हा ‘तंतोतंत’च नडला. डबा आणायचा, उघडायचा, जुन्या फोटोंशी ताडून बघायचा, खोट काढायची आणि झाकण लावून टाकायचं. काही लोकांना मुली बघायचा नाद असतो, लग्नाचा नसतो, त्यातलीच गत.

लेक तेजस्विनी लहानपणी मोठ्या आशेने बाबांशेजारी जुना पेपर पसरून बसायची. झाकण लागलं की निमूट पेपर गुंडाळायची. पोरगी कधी बोलली नाही. बोलली ती थेट स्वतःचं लग्न ठरल्यावर. हिंजवडीत तिच्याच कंपनीत असलेला ऋषी तिने पसंत केला होता, आणि दिगंबररावांची थोरली बहीण कुमुदताई रुखवताच्या तयारीला लागली होती. रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी आपली कला मांडून मुलाकडच्यांना गार करायचं टेबल. कुमुदताईंच्या डोक्यात लोकरीची बदकं, साखरेची तुळस आणि सुपारीचे भटजी होते. तेजस्विनीने बदकांना हरकत घेतली नाही. ती फक्त बाबांकडे वळली.

“बाबा, मला रुखवतात तुझ्या हातचं एक विमान हवंय. पुरं झालेलं.”

झालं! माणसाला घाम फुटला. कुठलं करायचं हा प्रश्नच नव्हता. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या पोरांनी चालवलेलं हरिकेन, हे त्यांचं कधीचं ठरलेलं. घोडं अडलं ते कुठल्या कंपनीचं करायचं यावर. हरिकेनचे डबे बाजारात तीन. विलायती डब्यातलं विमान ऐटबाज, पण पाठीमागच्या कापडी भागावर बरगड्या अशा वर आलेल्या, की विमान उपाशी आहे असं वाटावं. जपानी डब्याचे सांधे लोण्यासारखे बसतात, पण नाकाखालची धुळीची गाळणीच दिलेली नाही, आणि गाळणीशिवाय हरिकेन ब्रह्मदेशात जाईल कसं? तिसरा पूर्व युरोपातला. तो मापाला अचूक, पण तुकडे मोहरीएवढे आणि एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ.

दिगंबरराव रोज एकाच्या बाजूने उठायचे आणि दुसऱ्याच्या बाजूने झोपायचे. इंटरनेटवरच्या मंडळींना विचारलं, तर तिथे बरगड्यांवरून अशी जुंपली की दोघांनी एकमेकांची आयमाय काढली. बुधवार पेठेतल्या दुकानात जाऊन डबे पुन्हा पुन्हा उघडून बघून झाले. शेवटी दुकानदार अभयने चष्म्यावरून बघत विचारलं, की काका, घ्यायचंय की नुसतं दर्शन? काकांनी त्या तिरीमिरीत तिन्ही घेतले. म्हणजे निवडीचा प्रश्न होता तसाच घरी आला.

पत्रिका छापून आल्या, केळवणं सुरू झाली, तरी तिन्ही डबे जेवणाच्या टेबलावर. वसुधाबाई ताट मांडायला कोपरा शोधायच्या. एके दिवशी त्यांची सटकली. पोरीने एका कॉफीत नवरा निवडला आणि तुम्हाला चार महिन्यांत प्लास्टिक निवडता येत नाही, म्हणाल्या. नाचता येईना अंगण वाकडं. आणि मग हात पुसत जे बोलल्या ते वर्मी बसलं.

“डबा बंद असतो तोवर चूक कंपनीची असते. डिंक लावला की तुमची. त्याचीच भीती वाटते तुम्हाला.”

बायको चाळीस वर्षं विमानाकडे ढुंकून बघत नाही आणि आज असा नेम लावते म्हणजे काय! दिगंबरराव रात्रभर चडफडले. सकाळी चहाआधी जपानी डब्यातली सुटे भाग चिकटलेली चौकट काढली आणि पहिला तुकडा कचकन तोडला. गाळणी नव्हती ना? बॉलपेनचं टोपण घासून बसवली. घरभर थिनरचा वास, वरणाला थिनरचा वास, केळवणाला आलेल्या साडूंनी तर गॅस गळतोय म्हणून खिडक्या उघडल्या. पण लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हरिकेन आपल्या तीन चाकांवर उभं राहिलं. तेजस्विनी टेबलाशी वाकून कितीतरी वेळ बघत राहिली.

कार्यालयात रुखवत मांडलं गेलं. बदकं, तुळस, भटजी, मधोमध हरिकेन. दिगंबरराव फेटा बांधून येतात तर काय, पंखांवर लाल टिकल्या! कुमुदताईंनी रीतीप्रमाणे प्रत्येक वस्तूला हळदकुंकू वाहिलं होतं. विमानाच्या पंखांवर निळी वर्तुळं दिसली, मध्ये फिकट मोकळी जागा दिसली, तिथे ओल्या कुंकवाचं बोट बरोब्बर टेकवलं. वर कौतुकाने म्हणाल्या, मधलं रंगवायचं राहिलं होतं रे तुझं.

राहिलं नव्हतं हो! दिगंबररावांनी त्या एका ठिपक्यासाठी रात्री जाळल्या होत्या. इंग्रजांच्या विमानावर एरवी निळ्या वर्तुळात लाल टिळा असे. पण ब्रह्मदेशात समोर जपानी होते आणि त्यांची खूणच लाल गोळा. लाल दिसलं की आपलेच तोफवाले आपल्याच विमानावर गोळ्या झाडायचे. म्हणून त्या आघाडीवर लाल रंग पुसून टाकला होता. आणि आता ऐन मांडवात, बहिणीच्या एका बोटाने हरिकेन शत्रूला जाऊन मिळालं होतं.

त्यांनी विमान उचललं. खिशात थिनरची बाटली होती. हो, मुलीच्या लग्नात रेशमी झब्ब्याच्या खिशात थिनर! दाराकडे वळले तेवढ्यात शालूतली तेजस्विनी समोर आली. तिने विमान बघितलं, टिकल्या बघितल्या, बाबांचा चेहरा बघितला आणि सगळं ओळखलं. तिची मान खाली गेली. लहानपणी पेपर गुंडाळताना जायची तशीच. तिने हात पुढे केला नाही, अडवलं नाही, नुसती बाजूला सरकून वाट दिली.

त्या वाट देण्याने दिगंबरराव जागीच थिजले. परत फिरले आणि विमान होतं तिथे ठेवलं.

एवढ्यात मुलाकडची मंडळी रुखवत बघायला आली. त्यात ऋषीचे मामा वायुदलातून निवृत्त झालेले, नेमके हरिकेनपाशी थांबले. वाकले, चष्मा सारखा केला आणि अदबीने म्हणाले, की विमान सुरेख आहे, पण ब्रह्मदेशातलं असेल तर हा लाल ठिपका जरा चुकलाय, नाही का? सगळा मांडव ऐकत होता असं दिगंबररावांना वाटलं. जन्मभर दुसऱ्याची अशीच चूक काढण्यात त्यांनी धन्यता मानली होती, आणि मामांचं अक्षर न् अक्षर खरं होतं. तेजस्विनी बघत होती.

“चुकलेलं नाही,” दिगंबरराव म्हणाले. “आमच्या घरचं विमान आहे. आमच्यात असंच असतं.”

तेजस्विनीने शालूच्या पदराने डोळे टिपले, काजळ पसरलं तरी तिला पर्वा नव्हती. दिगंबररावांनी घसा खाकरला, विमान अलगद फिरवून बहिणीपुढे धरलं आणि म्हणाले,

“ताई, शेपटीला कुंकू राहिलंय.”