मिशीवाला धडाकेश्वर आणायला कॅम्प पाचला

तरुणपणी मी ‘धडाकेश्वर’ नावाचा कॉमिक्सचा हिरो काढायचो. छापणारे उल्हासनगर कॅम्प पाचचे एक शेठ. तेव्हाची रीतच अशी, की चित्रकाराला पानामागे पैसे आणि हिरो प्रेसचा. मी हसत सही केली होती. नाव छापून येतंय म्हटल्यावर मी कशावरही केली असती. आता एका प्रकाशकाला धडाकेश्वरचं नवं पुस्तक हवंय, पण म्हणाला, आधी मालकाची परवानगी आणा. मालक मी नाही हे ऐकून शोभा, म्हणजे माझी बायको, पोट धरून हसली आणि ही गंमत बघायला स्कूटरवर मागे बसली. अंबरनाथला धडाकेश्वर वाचतच ती मोठी झालीय.

आमच्या कुळगावातून सकाळी लवकर निघावं. आम्ही उशिरा निघालो, कारण मला शर्ट ठरवता येईना. पालेगावला नव्या टॉवरांत रस्ता चुकलो. ज्या वॉचमनला विचारलं, तो आम्हाला सॅम्पल फ्लॅटच दाखवायला लागला. अंबरनाथ पूर्वेतून तसंच पुढे आलात की कॅम्प पाच जवळ. गाडीला जागा दिसेल तिथे लावा आणि चालत फिरा. दाल-पकवानची एक प्लेट दोघांना पुरते. धीर यावा म्हणून मी एकट्याने दोन खाल्ल्या. शोभा गंमत विसरून बाजारातच रमली, म्हणून प्रेसवर मी एकटाच गेलो.

शेठ आता नाहीत. प्रेसच्या जागी त्यांच्या पत्नी, कमला आँटी, पापडाचा धंदा चालवतात. आणि प्रत्येक पाकिटावर धडाकेश्वर! गुळगुळीत चेहरा, हातात लाटणं.

“आँटी, याला मिशी होती. तलवार होती.”

“थी ना. मीच पुसली.”

माझी पानं छापण्याआधी शेठ घरी न्यायचे. आँटी स्वयंपाकघरात बसून ती बघायच्या आणि मुलांनी पाहू नये असं वाटेल त्यावर सफेदा फासायच्या. धडाकेश्वरची मिशी गायब, तलवारीचं लाटणं, नायिकेला पूर्ण बाह्या, खलनायकाच्या सिगारेटचा ऊस. मी इतकी वर्षं प्रेसमधल्या कुणा दुष्टाला शिव्या घालत होतो. तो दुष्ट समोर बसून मला चहा ओतत होता.

“मूछवाला एकदम गुंडा दिसायचा रे बेटा. तेरा मूछवाला तू ले जा, लिहून देते. हा बिनमूछवाला माझा.”

कागद खिशात घालून मी छाती फुगवून परतलो. घरी येताच मिशी-तलवारीसकट धडाकेश्वर काढला आणि शोभासमोर धरला.

“हा कोण?”

“धडाकेश्वर!”

“काहीतरीच. कुठल्या तरी सावकारासारखा दिसतोय.”

फार वाईट वाटलं. जिने माझ्या हिरोवर जीव लावला, तिने माझा हिरो कधी पाहिलाच नव्हता. मग सफेदा काढला आणि मिशी पुसली. तलवारीचं लाटणं केलं.

“हां, हा बघ!” शोभा केवढी खूश झाली.

मी मुकाट्याने फोन लावला. “आँटी, तुमचाच द्या. पुस्तकावर दोघांचं नाव घालू.”

“घे ना बेटा,” आँटी म्हणाल्या. “पण छापायच्या आधी पानं इकडे पाठव. पहले मैं देखूंगी.”